मेमरीच्या चुका मोजणाऱ्या कोडची कसून तपासणी हवी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईतील डेटा सेंटरच्या बातम्यांत मेगावॉट मोजले जातात आणि पुण्यातील महासंगणकांच्या बातम्यांत पेटाफ्लॉप्स. २०२४ मध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ सुरू झाला, तेव्हाही ११.७७ पेटाफ्लॉप्स हा आकडा सगळीकडे छापून आला. या यंत्रांच्या मेमरीत चूक झाली तर ती कोणाला आणि कशी कळते, याची चर्चा मात्र बातम्यांत होत नाही. त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुळाशी असलेल्या कोडच्या, म्हणजे कर्नलच्या, एका छोट्या विभागात सापडते. त्याचे नाव ईडॅक (एरर डिटेक्शन अँड करेक्शन, म्हणजे चुका ओळखणे आणि दुरुस्त करणे). २००६ मध्ये, २.६.१६ या आवृत्तीत तो कर्नलमध्ये आला. प्रोसेसरची नवी पिढी आली की तिथल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विशिष्ट हार्डवेअर हाताळणाऱ्या कोडमध्ये, भर घालावी लागते. ती भर नीट तपासली गेली नाही, तर सर्व्हर ‘चुका शून्य’ असे खुशाल सांगत राहतो. चूक झालेली नसेल तरी शून्य दिसते आणि मोजणाराच जागेवर नसेल तरी शून्यच दिसते. हे दोन शून्य वेगळे ओळखू येतील याची काळजी घेणे हे कोड तपासणाऱ्याचे मुख्य काम आहे, असे आमचे ठाम मत आहे.

मेमरीतला बिट, म्हणजे ० किंवा १ ही सर्वांत लहान नोंद, आपोआप उलटणे ही दुर्मीळ घटना आहे, असा समज अजून टिकून आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या आवरणातील अत्यल्प किरणोत्सारी द्रव्यातून निघणारे अल्फा कण डीरॅम या नेहमीच्या मेमरीतील बिट उलटवतात. पुढे आवरणे शुद्ध झाली, पण इतर कारणे उरलीच. वैश्विक किरणांमुळे येणारे न्यूट्रॉन आहेत, कमकुवत झालेले सेल आहेत, स्लॉटमधला सैल संपर्क आहे. २०१४ मध्ये ‘रोहॅमर’ची भर पडली. त्यात मेमरीची एकच ओळ पुन्हा पुन्हा उघडून शेजारच्या ओळीतले बिट बदलता येतात. गूगलच्या सर्व्हरवर झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक डिममध्ये, म्हणजे मदरबोर्डवर खोचायच्या मेमरीच्या पट्ट्यांमध्ये, चुका आढळल्या. त्याच अभ्यासातून हेही दिसले, की जी पट्टी दुरुस्त होण्याजोग्या चुका दाखवू लागते तिच्यात दुरुस्त न होणारी चूक होण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते. म्हणून हा आकडा वेळेवर आणि बरोबर पट्टीच्या नावावर मिळणे महत्त्वाचे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००३ मध्ये १,१०० पॉवर मॅक जी५ जोडून महासंगणक उभारला आणि तो जागतिक यादीत तिसरा आला. त्या यंत्रांच्या मेमरीत चूक दुरुस्त करण्याची सोय, म्हणजे ईसीसी, नव्हती. २००४ मध्ये ती यंत्रे काढून ईसीसी असलेले एक्ससर्व्ह जी५ बसवण्यात आले.

डीडीआर४ या मेमरीच्या पिढीत सर्व्हरमध्ये चालणाऱ्या पट्टीत ६४ डेटा बिटांमागे ८ तपास-बिट असतात. नेहमीच्या पद्धतीत त्यांच्या आधारे एक उलटलेला बिट दुरुस्त होतो आणि दोन उलटले तर निदान ते कळते. डीडीआर५ मध्ये प्रत्येक पट्टीचे ३२ बिटांचे दोन उपचॅनल, म्हणजे डेटा नेण्याच्या स्वतंत्र वाटा, झाले. ईसीसीच्या पट्टीत बहुधा प्रत्येक उपचॅनलला ८ तपास-बिट असतात, म्हणजे एका उपचॅनलचे एकूण ४० बिट. इथे एक गैरसमज लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांपासून मोठ्या कार्यालयांच्या खरेदी विभागांपर्यंत पोहोचला आहे. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपच्या आत १२८ बिटांमागे ८ तपास-बिट असतात, म्हणून ‘डीडीआर५ म्हणजे ईसीसी आलेच’ असे मानले जाते. ती सोय चिपच्या पोटातली आहे. चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जाणाऱ्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. शिवाय तिने आतल्या आत दुरुस्त केलेल्या प्रत्येक चुकीची खबर मेमरी कंट्रोलरला, म्हणजे प्रोसेसरमधील मेमरीचा कारभार पाहणाऱ्या भागाला, मिळत नाही. ईडॅक ज्या चुका मोजतो, त्या कंट्रोलरने पकडलेल्या असतात. पट्टी साधी, म्हणजे ईसीसी नसलेली, असेल तर (पुढे येणारा एक अपवाद सोडून) ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी मोजण्यासारखे काही त्याच्या हाती येत नाही.

ड्रायव्हरला करावे लागते ते असे. आधी प्रोसेसर ओळखायचा. त्यात किती मेमरी कंट्रोलर आहेत, प्रत्येकाला किती चॅनल आणि प्रत्येक चॅनलवर कोणत्या आकाराच्या पट्ट्या आहेत, हे रजिस्टरमधून, म्हणजे हार्डवेअरने माहिती ठेवण्याच्या ठरलेल्या जागांमधून, वाचून ती यादी ईडॅकच्या गाभ्याकडे नोंदवायची. मग प्रोसेसरने चूक कळवली, की सोबत आलेल्या पत्त्यावरून सॉकेट (प्रोसेसरची जागा), कंट्रोलर, चॅनल आणि पट्टी शोधून तिचा आकडा वाढवायचा. एएमडीच्या प्रोसेसरसाठी एएमडी६४-ईडॅक, इंटेलच्या अलीकडच्या झिऑन या सर्व्हर-प्रोसेसरसाठी आय१०एनएम-ईडॅक आणि इंटेलच्या लहान चिपसाठी आयजेन६-ईडॅक असे ड्रायव्हर आहेत. शेवटच्या प्रकारात तपास-बिटांसाठी वेगळ्या चिप नसतातच. साध्या मेमरीचाच बत्तिसावा हिस्सा त्यासाठी बाजूला काढला जातो.

ओळखीपासूनच घोटाळे सुरू होतात. एएमडीच्या मिलान या सर्व्हर-प्रोसेसरला ८ मेमरी चॅनल होते, त्यानंतरच्या जेनोआला १२ आहेत. जेनोआ नोव्हेंबर २०२२ मध्ये बाजारात आला. फॅमिली २५ आणि मॉडेल १६ ते ३१ ही त्याची ओळख ईडॅकमध्ये कर्नलच्या ५.१७ आवृत्तीत आली. त्याआधीची, दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडलेली आवृत्ती मात्र ५.१५ होती आणि अनेक सर्व्हर तिच्यावरच चालत आले आहेत. लिनक्स पुरवणाऱ्या वितरकाने तो बदल मागे आणून बसवलेला नसेल तर नवा सर्व्हर सुरळीत चालू होतो, बाराही चॅनल वापरतो, मेमरी पूर्ण दिसते. होत नाही ती फक्त चुकांची मोजणी. याची खातरजमा मिनिटभरात होते. कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सिसएफएसमध्ये ईडॅकच्या फोल्डरात ‘एमसी०’ नावाचे उपफोल्डर असेल आणि त्यातल्या ‘सीई काउंट’ (दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा) या फाइलमध्ये ० असेल, तर मोजणी चालू आहे आणि चूक झालेली नाही. ‘एमसी०’ हे उपफोल्डरच नसेल तर मोजणारा कोणी नाही. देखरेखीच्या काही पडद्यांवर ही दुसरी स्थितीही शून्य म्हणूनच रंगवली जाते. तसे करणे साफ चूक आहे.

कोड तपासणाऱ्याने ओळखीच्या तक्त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. मॉडेलची मर्यादा शेजारच्या वेगळ्या चिपवर सांडत नाही ना? त्या ओळीतली कंट्रोलरची संख्या खरी आहे ना? आणि त्या संख्येवर बेतलेल्या प्रत्येक ॲरेचा, म्हणजे ओळीने राखलेल्या जागांचा, आकार तिच्याइतका वाढवला आहे ना? आठ जागांच्या ॲरेत बारावा चॅनल लिहिला गेला, तर मेमरीच्या चुका पकडणारा कोडच मेमरी बिघडवतो. इंटेलच्या बाबतीत आणखी एक जपणूक लागते. त्यांचे प्रोसेसर अनेक वर्षे फॅमिली ६ मध्येच येत असल्याने जुन्या कोडमध्ये ठिकठिकाणी फक्त मॉडेलचा क्रमांक तपासलेला आहे. आता निर्माता, फॅमिली आणि मॉडेल असे तिन्ही एकत्र जुळवावे लागतात.

सगळ्यात जास्त वेळ रजिस्टरच्या वाचनाला द्यावा. पीसीआय बसवर, म्हणजे उपकरणे जोडणाऱ्या मार्गावर, जे उपकरण नाही त्याचे रजिस्टर वाचले तर उत्तरात सगळे बिट १ येतात. म्हणून ‘सगळे १’ हे उत्तर आकडा म्हणून वापरण्याआधी बाजूला काढलेच पाहिजे. हे नियम म्हणून सर्वांना माहीत असते, तरी निसटते. इंटेलच्या सॅफायर रॅपिड्स या प्रोसेसरच्या काही वर्कस्टेशनवर प्रत्यक्षात नसलेले मेमरी कंट्रोलरही पीसीआय उपकरण म्हणून दिसत होते. आय१०एनएम ड्रायव्हरने ते खरे मानले आणि कर्नलच्या लॉगमध्ये शिफ्टचा, म्हणजे बिट सरकवण्याचा, घातांक उणे ६६ असल्याची तक्रार उमटू लागली. हा ६६ आला कुठून? पट्टीचे रँक (चिपचे गट), रो आणि कॉलम यांचे आकडे रजिस्टरमधून काढणारे फंक्शन, आकडा मर्यादेबाहेर असेल तर उणे २२ परत देते. ‘अवैध मूल्य’ या चुकीचा कर्नलमधला तो क्रमांक आहे. पट्टीचा आकार काढणाऱ्या कोडने तो चुकीचा क्रमांक आहे हे न पाहता तिन्ही उत्तरांची बेरीज केली आणि तितके बिट सरकवायला निघाला. बावीस त्रिक सहासष्ट. २०२३ मध्ये असे गैरहजर कंट्रोलर वगळणारा पॅच, म्हणजे कोडमधील बदल, आला. जे फंक्शन कधी आकडा आणि कधी चुकीचा क्रमांक परत देते, त्याला कॉल करणारी प्रत्येक जागा उघडून पाहावी, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. फंक्शन स्वतः निर्दोष होते.

आयजेन६ मध्ये २०२५ साली झालेल्या तीन दुरुस्त्या तर कोड तपासायला शिकणाऱ्याने क्रमाने वाचाव्यात इतक्या बोलक्या आहेत. या ड्रायव्हरमध्ये आधी पोलिंगची सोय आली होती, म्हणजे इंटरप्टवर (हार्डवेअरने दिलेल्या हाकेवर) विसंबून न राहता ठरावीक वेळाने रजिस्टर वाचणे. ईडॅकच्या गाभ्यात ही वेळ मुळात १,००० मिलिसेकंद ठेवलेली असते. काही चिपवर चुकांच्या नोंदीचे रजिस्टर सगळे बिट १ असे निरर्थक मूल्य दाखवत होते. ड्रायव्हर प्रत्येक फेरीत ती खरी चूक समजला आणि खोट्या नोंदींचा पूर आला. पहिली दुरुस्ती हे मूल्य वगळणारी होती. यंत्र सुरू करणाऱ्या बायोस या प्रणालीच्या काही आवृत्त्या कंट्रोलर बंद करून त्याची सगळी रजिस्टरे १ ने भरून ठेवतात आणि ड्रायव्हर त्यांचीही नोंदणी करत होता. दुसऱ्या दुरुस्तीने असे कंट्रोलर नोंदणीतून वगळले. इथपर्यंत सगळे योग्य वाटते. पण त्यानंतर एका यंत्रावर कर्नल पॅनिक झाले, म्हणजे सावरता न आल्याने कर्नल थांबला. बायोसने दोनपैकी एक कंट्रोलर बंद केलेला होता, नोंदणी करताना तो वगळलाही गेला. मात्र चूक कोणत्या कंट्रोलरवर झाली हे शोधणारा दुसरा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा कोड) जुन्याच संख्येने फिरत राहिला. गैरहजर कंट्रोलरचा पत्ता रिकामा होता, तिथे वाचायला जाताच कर्नल कोसळला. तिसऱ्या दुरुस्तीने कंट्रोलरची संख्या प्रत्यक्ष सापडलेल्या कंट्रोलरइतकी केली.

दुसऱ्या दुरुस्तीत बदललेल्या ओळी जे करायला लिहिल्या होत्या ते बरोबर करत होत्या. दोष न बदललेल्या ओळींत उरला होता. पॅचमध्ये प्रत्येक बदलाच्या वर-खाली मुळात तीन-तीन ओळीच दिसतात, त्यामुळे नुसता पॅच वाचून हा दोष कोणालाही सापडला नसता. पॅच कर्नलच्या झाडावर, म्हणजे पूर्ण मूळ कोडवर, लावावा, बदललेली संख्या किंवा व्हेरिएबल जिथे जिथे वापरले आहे त्या सर्व जागा शोधून काढाव्यात आणि प्रत्येक लूप जुन्या समजुतीवर चालला आहे की नव्या, हे एकेक करून पाहावे. पाच ओळींच्या पॅचला यासाठी अर्धा दिवस लागला तरी तो सत्कारणी लागतो.

आकडेमोडीत दोष ठरलेल्या जागी असतात. ३२ बिटांच्या १ ला डावीकडे ३२ किंवा जास्त घरे सरकवणे, मेगाबाइटचे पानांत (मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत) रूपांतर करताना व्हेरिएबलचा प्रकार अपुरा पडणे, बिटांच्या पट्ट्याची एक कड चुकणे. चिपचा तांत्रिक तपशील, म्हणजे डेटाशीट, जाहीर नसेल तर तपासणाऱ्याला रजिस्टरची बिटे पडताळता येत नाहीत. अशा वेळी ‘कंपनीने सांगितले आहे’ एवढ्यावर समाधान न मानता पॅच पाठवणाऱ्याकडून प्रत्यक्ष यंत्रावरील आकडे मागावेत. १२ चॅनलवर प्रत्येकी ६४ जीबीची एक पट्टी असेल तर ड्रायव्हरने नोंदवलेल्या आकारांची बेरीज ७,८६,४३२ एमबी यायला हवी. डीएमआयडिकोड या आज्ञेतून मिळणारी पट्ट्यांची यादीही ताडून पाहावी. ‘फ्री’ या आज्ञेतला आकडा यासाठी वापरू नये, कारण कर्नल आणि फर्मवेअरने (यंत्रातील अंगभूत कोडने) राखलेला भाग त्यातून वजा झालेला असतो.

संसाधने घेणे आणि सोडणे हा कंटाळवाणा भाग आहे, पण टाळता येत नाही. पीसीआय उपकरण शोधणारी फंक्शने उपकरणाचा संदर्भ-आकडा (ते किती जण वापरतात याची मोजदाद) वाढवून देतात. पुढे उपकरण सुरू करता आले नाही आणि कोड तसाच परतला, तर तो आकडा कायमचा वाढलेला राहतो. आय१०एनएममधला असाच एक दोष २०२२ च्या अखेरीस दुरुस्त करण्यात आला. प्रत्येक ‘गोटू’च्या, म्हणजे चूक झाल्यावर कोड जिथे उडी घेतो त्या, लेबलपासून उलटे वाचत यावे: जे शेवटी घेतले ते आधी सोडले आहे ना, मॅप केलेले रजिस्टर अनमॅप केले आहे ना. मॉड्यूल सलग अनेकदा लोड-अनलोड करून केमेमलीक आणि कासान ही मेमरीतले दोष शोधणारी साधने चालू ठेवली, तर यांतले बरेचसे बाहेर येते. डब्ल्यू=१ लावून (जास्तीचे इशारे मागून) बिल्ड, स्पार्स आणि चेकपॅच या आपोआप होणाऱ्या तपासण्या हे सगळे त्याआधीच झालेले असावे; तपासणाऱ्याचा वेळ त्यावर जाऊ नये.

चूक कळते तो क्षणही बघावा लागतो. आयजेन६ मध्ये ती एनएमआयमधून, म्हणजे थोपवता न येणाऱ्या इंटरप्टमधून, येऊ शकते. तिथे म्यूटेक्स, म्हणजे वाट पाहायला लावणारे कुलूप, घेता येत नाही, नेहमीच्या पद्धतीने मेमरी मागता येत नाही. म्हणून हा ड्रायव्हर नोंद आधीच राखून ठेवलेल्या जागेत उतरवतो, कुलूप न लागणाऱ्या यादीत टाकतो आणि उरलेले काम पुढे ढकलतो. नव्या चिपसाठी भर घालताना या वाटेवर एखादे निरुपद्रवी दिसणारे फंक्शन घुसते आणि ते आत कुठेतरी झोपू शकते. कुलपांचा वापर तपासणारा लॉकडेप हे बरेचदा पकडतो, पण ती वाट चाचणीत एकदा तरी चालून गेलेली असेल तरच.

चुकीचा प्रकार ठरवणे त्याहून गंभीर. प्रोसेसरचे स्थिती-रजिस्टर ६४ बिटांचे असते. त्यात ६३ वा बिट नोंद वैध आहे का ते सांगतो, ६२ वा आधीची नोंद वाचण्याआधीच दुसरी आली का ते, ६१ वा चूक दुरुस्त झाली नाही का ते आणि ५८ वा पत्ता भरवशाचा आहे का ते. एएमडीमध्ये ४४ वा बिट ‘लांबणीवर टाकलेली’ चूक दर्शवतो. डेटा बिघडलेला असतो, पण अजून कोणी वापरलेला नसतो. ही चूक दुरुस्त झालेल्यांत मोजली गेली तर देखरेख करणारा निर्धास्त राहतो आणि नंतर कधीतरी तो डेटा वाचणारा प्रोग्रॅम मारला जातो. ५८ वा बिट न पाहता पत्ता वापरला तर दोष भलत्याच पट्टीच्या माथी बसतो. ६२ वा बिट लागलेला असेल तर मोजलेला आकडा खऱ्या आकड्याहून कमी असू शकतो, हेही वापरणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवे.

पत्त्यावरून पट्टी काढण्याचे गणित दर पिढीला अवघड होत चालले आहे. डेटा अनेक चॅनलांवर वाटून ठेवलेला असतो आणि बारा चॅनल आले की दोनच्या घातांची सोपी वाटणी पुरत नाही. एएमडीसाठी हे काम २०२४ मध्ये, ६.९ या आवृत्तीत, वेगळ्या लायब्ररीकडे गेले. इंटेलच्या सर्व्हरवर ते बऱ्याचदा फर्मवेअरकडून करून घेतले जाते, म्हणजे फर्मवेअरमधला दोषही ड्रायव्हरच्या नावावर जमा होतो. त्यातच ड्रायव्हरचा ‘चॅनल ३’ आणि मदरबोर्डवर छापलेले अक्षर यांचा क्रम सारखा असेलच असे नाही. रास-एमसी-सीटीएल या साधनात बोर्डनिहाय नावे भरता येतात. ती भरलेली नसतील तर तंत्रज्ञ चांगली पट्टी काढतो आणि सदोष पट्टी जागेवर राहते.

आणखी एक तपासणी सुरुवातीच्या फंक्शनमध्ये दिसायलाच हवी. काही सर्व्हरवर चुका आधी फर्मवेअर हाताळते आणि मग कर्नलला अहवाल देते. तिथे त्या अहवालांचा ईडॅक ड्रायव्हर आधीच मालक असेल तर नव्या ड्रायव्हरने माघार घ्यावी. दोघे एकाच रजिस्टरमधून वाचू आणि पुसू लागले तर कोणाचाच आकडा खरा राहत नाही. तसेच इंटेलचे हे ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये लोड होण्यास नकार देतात आणि ते योग्य आहे. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या यंत्रात ‘एमसी०’ सापडले नाही म्हणून घाबरू नये. तिथली मोजणी मूळ यंत्रावर व्हायची असते.

एवढे वाचून झाल्यावर खरी चाचणी उरते. बायोसमध्ये चूक घुसवण्याची परवानगी चालू करावी, डीबगएफएस (कर्नलची चाचणीसाठीची फाइल-व्यवस्था) माउंट करावी आणि एसीपीआयचे चूक घुसवणारे ईआयएनजे मॉड्यूल लोड करावे. उपलब्ध प्रकारांच्या यादीत ०एक्स८, म्हणजे दुरुस्त होणारी मेमरी-चूक, आहे का पाहावे. पहिल्या पॅरामीटरमध्ये प्रत्यक्ष मेमरीचा पत्ता आणि दुसऱ्यात शेवटचे १२ बिट शून्य असलेला मास्क द्यावा, मग ‘एरर इंजेक्ट’ फाइलमध्ये १ लिहावा. लॉगमध्ये एक नोंद आली पाहिजे, नेमक्या एकाच पट्टीचा आकडा एकाने वाढला पाहिजे आणि चुकांची नोंद ठेवणाऱ्या रासडिमन या प्रोग्रॅमच्या नोंदीतही तेच नाव दिसले पाहिजे. पट्टीचे नाव बरोबर आहे का हे ठरवण्याचा सर्वांत विश्वासाचा मार्ग म्हणजे, बोर्डच्या पुस्तिकेत परवानगी असलेल्या मांडणीत कमीत कमी पट्ट्या ठेवून चाचणी करणे आणि पट्टी पुढच्या स्लॉटमध्ये सरकवून पुन्हा करणे. ०एक्स१० आणि ०एक्स२० हे दुरुस्त न होणाऱ्या चुकांचे प्रकार आहेत. त्यांनी यंत्र बंद पडू शकते, म्हणून कामावर असलेल्या सर्व्हरला त्यांचा हातही लावू नये. ईडॅकमध्ये नुसती नकली नोंद घालण्याचीही सोय आहे. ती गाभ्यातली मोजणी तपासते. रजिस्टर आणि पत्त्याचे गणित तिने तपासले जात नाही, त्यामुळे तेवढ्यावर ‘चाचणी केली’ असे लिहू नये.

पॅचखाली ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून नाव देणे हा शिष्टाचार नाही. कर्नलच्या नियमांनुसार त्याचा अर्थ, तपासणी प्रत्यक्ष केली, शंका लेखकाला कळवल्या, त्यांची उत्तरे पटली, असा होतो. पुण्यात आणि बंगळुरूत बसून अशा कोडवर काम करणारे मराठी अभियंते पुष्कळ आहेत. कंपन्यांनी त्यांच्या कामाच्या वेळापत्रकात तपासणीला वेगळा वेळ धरला पाहिजे. आज नवा पॅच लिहिणाऱ्याचे काम दिसते, दुसऱ्याचा पॅच अर्धा दिवस वाचून एक प्रश्न विचारणाऱ्याचे दिसत नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना आयजेन६ च्या वरील तीन दुरुस्त्या पुढे ठेवाव्यात. त्या वाचायला सर्व्हर लागत नाही. कर्नलचा कोड मोफत उपलब्ध आहे आणि तिन्ही मिळून एका तासिकेत मावतात. सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था आर्मच्या रचनेवर आधारित ‘औम’ हा स्वदेशी प्रोसेसर घडवत आहे. त्याच्या मेमरीच्या चुकांची मोजणी ड्रायव्हरमधून होवो किंवा फर्मवेअरमधून, ती तपासणारी माणसे इथेच तयार असावी लागतील.

सर्व्हर विकत घेणाऱ्यांकडे, मग ती सहकारी बँक असो, विद्यापीठ असो की सरकारी खाते, आमची मागणी एवढीच आहे: स्वीकृती-चाचणीत पाच अटी घालाव्यात. पुरवठादाराने जी कर्नल-आवृत्ती बसवून दिली आहे तिच्यावरच प्रत्येक भौतिक सर्व्हरवर ‘एमसी०’ दाखवावे. फर्मवेअर आधी चुका हाताळत असेल तर तिच्याकडून येणाऱ्या नोंदी दाखवाव्यात. पट्ट्यांच्या आकारांची बेरीज बिलातील मेमरीशी जुळवून दाखवावी. किमान एका सर्व्हरवर दुरुस्त होणारी चूक घुसवून ती योग्य स्लॉटच्या नावावर आणि देखरेखीच्या पडद्यावर येते हे समोर करून दाखवावे, आणि मग बायोसमधली ती परवानगी बंद करावी. मोजणारा ड्रायव्हर लोड नसेल तर पडद्यावर शून्याऐवजी ‘मोजणी बंद’ असे दिसावे. बायोस किंवा कर्नल बदलला की यांतल्या पहिल्या दोन आणि शेवटची अशा तीन गोष्टी पुन्हा पाहाव्यात, कारण आयजेन६ च्या प्रकरणात बायोसमुळेच कंट्रोलर नाहीसा झाला होता.

आपले,
संगणक-प्रणालींच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे